त्यांच्या संमतीने

निवृत्तीनंतर माझ्याकडे एकच काम उरलं होतं, आणि ते मी आपणहून कोणाच्या हाती देणार नाही, हे आमच्या संघटनेत सगळ्यांना ठाऊक होतं. काम तसं छोटं होतं. महिन्याला आठ पानांची पत्रिका काढायची, एवढंच. पण अठरा वर्षं ती मी काढत होते, आणि नोकरी सुटल्यावर तर माझ्या महिन्याला पहिली तारीख आणि शेवटची तारीख तेवढ्यामुळेच होती.

संघटना कसली, हे आधी सांगायला हवं, कारण आमच्या मिसरोदच्या शेजारणीला अजूनही वाटतं की मी भिशीला जाते. कंपन्यांत, बँकांत, खाजगी रुग्णालयांत एक माणूस बाकीच्यांच्या वतीने लिहायला ठेवलेला असतो. तो कर्मचाऱ्यांसाठी गृहपत्रिका काढतो, वर्तमानपत्रांना बातम्या पाठवतो, साहेबांची भाषणं लिहितो, आणि काही वाईट घडलं की ते फार वाईट वाटणार नाही अशा भाषेत नोटीस बोर्डावर लावतो. अशा लोकांची भोपाळमधली ही संघटना. आम्ही स्वतःला व्यावसायिक संवादक म्हणवतो. माझा नवरा आम्हाला ‘साखर पेरणारे’ म्हणतो. तो एका सरकारी कारखान्यात आयुष्यभर इंजिनिअर होता, त्यामुळे नटबोल्ट सोडून बाकी सगळं त्याला साखरच वाटते.

पत्रिका हिंदीत होती. तिच्या सातव्या पानावर एक सदर असायचं, ‘कौन कहाँ’. कोण कुठून कुठे गेला, कोणाला बढती मिळाली, कोण निवृत्त झाला, कोणाचं खातं बदललं, याच्या बातम्या. लोक पत्रिका उघडायचे ते सातव्या पानावर आणि बहुतेक वेळा तिथूनच बंद करायचे. माझे अग्रलेख कोणी वाचत नसे, याचं मला सुरुवातीला वाईट वाटायचं. नंतर मीच अग्रलेख लहान केले आणि सातवं पान वाढवून दीड पान केलं. दुसऱ्याच्या बदलाची बातमी वाचण्यात माणसाला जो आनंद असतो, तो विचारांत नसतो, हे मी तिथे शिकले.

मी मूळची सांगलीकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा माझी हिंदी इतकी दिव्य होती की भाजीवाला माझ्याशी खुणांनी बोलायचा. पण मी हट्टी आहे. वाचून वाचून ती भाषा मी अशी धरली की मंडीदीपच्या एका कारखान्याने मला गृहपत्रिकेसाठी घेतलं आणि निवृत्तीपर्यंत ठेवलं. तिथेच माझ्या हाताखाली एक मुलगी शिकायला आली. ग्वाल्हेरच्या मराठी घरातली, तिथलीच वाढलेली, मराठीत निम्मी हिंदी घालून बोलणारी. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “ताई, मला लिहायला येतं, पण काय नाही लिहायचं ते येत नाही.” मला ती तिथेच आवडली.

पुढे ती दोन नोकऱ्या बदलून एका मोठ्या खाजगी कंपनीच्या संपर्क विभागाची प्रमुख झाली. मीच तिला संघटनेत आणलं. मीच तिचं नाव कार्यकारिणीसाठी सुचवलं. माझ्या नवऱ्याची बायपास झाली तेव्हा ती चार दिवस ऑफिसातून थेट रुग्णालयात यायची आणि मला बळजबरीने घरी आंघोळीला पाठवायची. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्यांची यादी तिच्याकडे होती, माझ्याकडे नव्हती. संघटनेत आम्ही दोघीच मराठी. बैठकीत काही पटलं नाही की ती माझ्याकडे झुकून हळूच मराठीत शेरा मारायची, आणि मी संपादिकेच्या गंभीर चेहऱ्याने टिपणं घ्यायचे. ती संघटनेची सचिव झाली तेव्हा ‘कौन कहाँ’मधली ती बातमी मी चौकटीत छापली होती. चौकट मी सहसा कोणाला देत नसे.

आता आमच्या एका रिवाजाबद्दल सांगते. आम्ही सगळे वेगवेगळ्या ठिकाणी नोकरी करणारे, काहींच्या कंपन्या एकमेकांच्या प्रतिस्पर्धी. पण मसुदा दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुधारत नाही, हे प्रत्येकाला माहीत. अडचण अशी की निम्मे मसुदे गुप्त. कोणाला हलवायचंय, कोणतं खातं बंद करायचंय, ते त्या माणसाला कळण्याआधी आमच्या हातात लिहायला येतं. म्हणून मी एक पद्धत पाडली. मसुद्यातलं नाव, गाव, कंपनी, पद, सगळं खोडायचं आणि तिथे ‘फलाना’ लिहायचं. मग तो कोणालाही पाठवायचा. ज्याच्याकडे येईल त्याने तो त्याच दिवशी दुरुस्त करून परत द्यायचा, आणि फलाना कोण हे विचारायचं नाही. हा शेवटचा नियम माझा. एकाने एकदा विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, आणि बातमी त्या बिचाऱ्या बदली होणाऱ्याच्या बायकोपर्यंत त्याच्या आधी पोचली होती. तेव्हा मी बैठकीत इतकी भडकले की त्यानंतर कधी कोणी विचारलं नाही. ‘फलाना मसुदा’ हा शब्द आमच्यात रूढ झाला. नवीन सभासदांना तो समजावून सांगताना मला फार अभिमान वाटायचा.

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसले होते. फोनवर तिचा निरोप आला. “ताई, एक फलाना आहे. जरा नजर टाकून द्या ना. फार कोरडं झालंय.”

मसुदा दहा-बारा ओळींचा होता. श्री. फलाना हे अनेक वर्षं फलाना काम सांभाळत आले आहेत. आता ते काम नव्या पद्धतीने करायचं ठरलं असून ते एका नव्या गटाकडे सोपवण्यात येत आहे. श्री. फलाना यांच्या सेवेबद्दल आभार. एवढंच. खरोखरच कोरडं होतं. तिच्या ऑफिसातल्या कोणा जुन्या माणसाला बाजूला सारतायत, हे उघड दिसत होतं. मला त्या न पाहिलेल्या गृहस्थांची दया आली. म्हटलं, एवढी वर्षं राबले, निदान जाताना दोन वाक्यं तरी माणसासारखी मिळू देत.

मी मटाराचं ताट बाजूला सारलं आणि मन लावून बसले. ‘काम सांभाळलं’ऐवजी ‘कामाला स्वतःचा चेहरा दिला’ असं केलं. मध्ये एक वाक्य घातलं की पुढच्यांना जी वाट सोपी वाटेल ती यांनी एकट्याने पाडलेली आहे. आणि शेवटी, सवयीने, हात आपोआप चालतो तसं, हे घातलं: ‘यह निर्णय उनसे विस्तृत चर्चा के बाद, उनकी सहमति से लिया गया है।’ मूळ मसुद्यात ते नव्हतं. पण अशा सूचनेत ते असावं लागतं. नसेल तर वाचणारा विचारतो, त्या माणसाला सांगितलं तरी होतं का? आमच्या धंद्यात तो प्रश्न उठू न देणं हेच तर काम.

तिने लगेच नमस्काराचे हात पाठवले आणि लिहिलं, “ताई, तुमच्यासारखं कोणी नाही.” मी खूश होऊन पुन्हा मटार सोलायला लागले.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात, शनिवारी दुपारी, महाराणा प्रताप नगरातल्या नेहमीच्या सभागृहात झाली. खाली कोचिंग क्लास, वर आम्ही. नवे अध्यक्ष चाळिशीतले, स्वतःची डिजिटल कंपनी चालवणारे, अतिशय गोड बोलणारे. त्यांनी वर्षाचा आढावा घेतला, मग म्हणाले की आता संघटनेतल्या काही बदलांविषयी. मी वही उघडली. बदल म्हणजे माझं सातवं पान.

ते वाचायला लागले. पहिल्या वाक्याला मला वाटलं, छान लिहिलंय. दुसऱ्या वाक्याला वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय. ‘कामाला स्वतःचा चेहरा दिला’ हे ऐकलं आणि माझं पेन थांबलं. मग त्यांनी माझं नाव घेतलं. माझ्या वाक्यात माझं नाव इतकं चपखल बसलं होतं की क्षणभर मला ते दुसऱ्या कोणाचंतरी वाटलं. पत्रिका आता एक डिजिटल समिती चालवणार होती. दर आठवड्याला ती थेट सभासदांच्या फोनवर येणार होती. आणि हा निर्णय त्यांच्याशी सविस्तर चर्चा करून, त्यांच्या संमतीने घेतलेला आहे.

टाळ्या वाजल्या. नुसत्या वाजल्या नाहीत, लोक उभे राहिले. माझ्या शेजारच्या बँकवाल्या बाईंनी माझा हात हातात घेतला. मी उभी राहिले, कारण सगळे उभे होते. कोणीतरी हातात फुलांचा गुच्छ दिला. तो धरून मी हसत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांना कॅमेऱ्यासमोर हसायला शिकवल्याचा परिणाम असणार.

मी व्यासपीठाकडे बघत होते. ती तिथे टेबलाशी बसून कागद सारखे करत होती. तेच चार कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होती. तिने मान वर केली नाही.

मी तेव्हाच का बोलले नाही, असं मला नंतर अनेकदा वाटलं. माझी जीभ काही लुळी नाही. पण काय बोलणार होते मी? मला कोणी विचारलं नाही, असं म्हटलं असतं तर अध्यक्ष म्हणाले असते, आत्ताच तर वाचलं. वाचलं ते खोटं आहे म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न आला असता की लिहिलं कोणी. सभागृहातल्या चाळीस-पन्नास लिहिणाऱ्यांसमोर मला सांगावं लागलं असतं की ते मीच लिहिलंय. बाहेर पोह्यांच्या टेबलाशी लोक एकामागून एक येत राहिले. “बड़ा दिल चाहिए इसके लिए, मैडम.” “आपने मिसाल क़ायम की.” “लोग तो कुर्सी छोड़ते नहीं.” मी प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होते. मग ती आली, हातात बशी घेऊन. “ताई, पोहे नाही घेतले तुम्ही?”

“घेतले,” मी म्हणाले. घेतले नव्हते.

मिसरोदपर्यंत बस नेहमीसारखीच रखडत आली. गुच्छ मी सीटखाली ठेवला आणि तिथेच सोडला. घरी नवरा वर्तमानपत्र वाचत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझा फोन मागितला. तिचा निरोप वाचला, माझा सुधारलेला मसुदा वाचला, चष्मा काढला.

“हे चर्चा झाल्याचं तुला कोणी सांगितलं होतं?”

“कोणी नाही. ते घालायचंच असतं.”

“न झालेली चर्चा?”

“अरे, ती भाषा असते.”

“आमच्याकडे तपासणी न करता तपासलं असं कोणी लिहिलं की त्याला घरी बसवायचे,” तो म्हणाला आणि पुन्हा चष्मा लावला. मला त्याचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. केसानं गळा कापणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं होतं, आणि घरातला माणूस मलाच हिशेब विचारत होता.

पण डबे पुसता पुसता मला एक माणूस आठवला. आमच्या कारखान्यातले माल रवानगी विभागाचे प्रमुख. त्यांचं खातं दुसऱ्या खात्यात मिसळलं, तेव्हा त्याची सूचना मी लिहिली होती. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलाशी आले, कागद समोर ठेवला आणि त्या वाक्याखाली बोट धरून अगदी सौम्यपणे म्हणाले, “मैडम, ये चर्चा कब हुई थी? मैं छुट्टी पे था क्या?” मी त्यांना चहा पाजला. म्हटलं, साहेब, ही फक्त लिहिण्याची पद्धत आहे, मनावर घेऊ नका. ते चहा पिऊन गेले. मी ही गोष्ट नंतर संघटनेत विनोद म्हणून सांगितली होती, आणि सगळ्यात मोठ्याने हसली होती ती.

तरीही, एवढं सांगते, माझा राग कमी झाला नाही. मी त्या गृहस्थांची मैत्रीण नव्हते. त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांच्या खोल्यांची यादी माझ्याकडे नव्हती.

शेवटचा अंक अजून माझ्या हातात होता. वार्षिक सभेचा वृत्तान्त त्यात यायचा होता, आणि तो संपादिकेनेच लिहायचा असतो. मी तो लिहिला. आढावा, निवडणूक, बदल, सगळं नेहमीसारखं. बदलांच्या शेवटी एक साधं वाक्य लिहिलं: पत्रिकेसंबंधीचा निर्णय घेताना संपादिकेशी चर्चा झालेली नव्हती. पुढे मागे काही नाही. आरोप नाही, विशेषण नाही. ते वाक्य लिहायला मला सबंध दुपार लागली. दहा वेळा त्याला काहीतरी मऊ जोडलं आणि दहा वेळा काढलं. मला बाकी काही नको होतं. पत्रिका गेली तर गेली, पण माझ्या अठरा वर्षांच्या शेवटी माझ्या नावावर एक खोटी संमती राहू नये, एवढंच.

अंक छापायला जाण्याआधी सचिवाकडे जातो. तशी पद्धतच आहे. मी तो तिला पाठवला. मला वाटलं होतं ती फोन करेल, भांडेल, रडेल, निदान काहीतरी म्हणेल. तिने लिहिलं, “मिळाला ताई, थँक्यू.” मी मनात म्हटलं, चला, एवढी लाज तरी आहे पोरीला. त्या आठवड्यात मी जरा बरी झोपले.

अंक आला. वृत्तान्त माझाच होता, शब्दन् शब्द. फक्त ते वाक्य नव्हतं. त्या जागी दुसरं होतं: सर्व सभासदांनी उभे राहून त्यांच्या या निर्णयाचं स्वागत केलं. त्यांच्या या निर्णयाचं. म्हणजे आता तो माझा निर्णय झाला होता. खाली संपादिका म्हणून माझं नाव होतं, ठळक टायपात. तेवढ्यावर भागलं नव्हतं. ते नाव तिने चौकटीत टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अशोका गार्डनला तिच्या घरी गेले. न कळवता. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मागे रेल्वेची लाइन आहे, गाडी जाईपर्यंत बोलणं थांबवावं लागतं. रविवार होता. ती केसांना मेंदी लावून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून दार उघडायला आली, आणि मला बघून तिचा हात त्या पिशवीकडे गेला. एरवी मी हसले असते.

“या ना, ताई. चहा टाकते.”

“चहा नको. ते वाक्य कोणी काढलं?”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. “मी काढलं,” ती म्हणाली. “अध्यक्षांनी पाहिलं असतं तर फार तमाशा झाला असता. लोकांनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या ताई, उभं राहून. नंतर ते वाचून त्यांना कसं वाटलं असतं? तुमचीच इमेज खराब झाली असती.”

“आणि तो मसुदा? माझ्याकडूनच लिहून घेतलास.”

“नाही ताई, देवाशप्पथ, तो तुमच्यासाठी नव्हता.” आता तिचा आवाज खरा वाटला. “आमच्या ऑफिसमधले एक सर होते, त्यांचाच होता. मग त्यांचं प्रकरण टळलं. नंतर कमिटीने पत्रिकेचं ठरवलं, आणि मला लिहायला सांगितलं. मी बसले लिहायला. तुमच्याबद्दल लिहायला बसले आणि मला काही सुचेचना. सच्ची. मग ते तयार होतं. त्याच्यात मी नाव टाकलं तुमचं. इतकं सुंदर होतं ते. मला लागलं, तुमच्यासाठी याच्यापेक्षा चांगलं कोण लिहिणार?”

मागून एक मालगाडी जायला लागली. गाडी लांबलचक होती आणि तेवढ्या वेळात मी तिच्याकडे नीट बघून घेतलं. कानामागून मेंदीचा एक ओघळ मानेवर आला होता. ती खोटं बोलत नव्हती. सापळा रचून माझ्याकडून लिहून घेतलं, असं मी इतके दिवस धरून बसले होते, तसं नव्हतं. माझी दयेची दोन वाक्यं कुठल्यातरी फलान्यासाठी लिहिलेली होती आणि ती मला बसली, एवढंच झालं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. तिला माफ करायला मी केव्हाची तयार होते, हे मला त्या गाडीच्या आवाजात कळलं, आणि स्वतःचाच राग आला.

गाडी गेली. मी म्हटलं, “बरं. ते राहू दे. पण त्या वाक्यावर आलीस तेव्हा काय वाटलं तुला? चर्चा के बाद, सहमति से. तिथे माझं नाव टाकताना.”

तिने मानेवरचा मेंदीचा ओघळ बोटाने पुसला.

“फोन उचलून विचारायचं एकदा. दोन मिनिटांचं काम होतं. ताई, असं असं ठरलंय, तुम्हाला चालेल का. मग ते वाक्य खरं झालं असतं.”

“विचारलं असतं,” ती खाली बघत म्हणाली, “तर तुम्ही नाही म्हटलं असतं, ताई.”

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं. त्यात चलाखी नव्हती, बचाव नव्हता. तिला ते पुरेसं कारण वाटत होतं. ती बरोबर होती. मी नाही म्हटलं असतं. तिला ते माहीत होतं, इतक्या वर्षांत मला जेवढं कोणी ओळखत नाही तेवढं ती ओळखत होती, आणि त्या ओळखीचा उपयोग तिने मला न विचारण्यासाठी केला होता.

मी पर्स उचलली. ती दारापर्यंत आली, मी चपला घालेपर्यंत उभी राहिली. मी पहिल्या पायरीवर उतरले तेव्हा मागून म्हणाली, “ताई, पुढच्या महिन्यात तुमच्या सत्काराचा प्रोग्राम ठेवतोय आम्ही. शाल, मानपत्र, सगळं. मानपत्र मी स्वतः लिहिणार आहे, अगदी स्वतः.” मग जरा थांबून, घाबरत घाबरत तिने विचारलं, “तुम्हाला चालेल ना?”

“नाही,” मी म्हणाले, आणि जिना उतरले.